डबल बेल : माळशेज लूपच्या नोंदी

२७ एप्रिल २०२५, रविवार

ठरलं एकदाचं. १ जून हा एसटीचा वर्धापन दिन. १९४८ साली त्या दिवशी पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली. त्या मुहूर्तावर लाल परीचा एक पिक्सेल आर्ट लूप करायचा, म्हणजे ठळक चौकोनी ठिपक्यांचं, न थांबता फिरत राहणारं चलचित्र. पावसाळा, माळशेज घाट, नगरहून कल्याणकडे उतरणारी साधी गाडी. गोष्ट नाही, संवाद नाहीत. गाडी चालत राहते, पाऊस पडत राहतो आणि शेवटची फ्रेम पहिलीला अशी मिळते की सांधा दिसू नये. बाबांनी कंडक्टरकीची निम्मी वर्षं मुरबाड, टोकावडे, ओतूर, आळेफाटा याच रस्त्यावर काढली, त्यामुळे परीक्षक घरातच बसलाय.

कॅनव्हास ३२० बाय १८०. सहाने गुणलं की बरोबर १९२० बाय १०८०, चाराने गुणलं की १२८० बाय ७२०, बाराने गुणलं की फोर-के. गुणक पूर्णांक असला की चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलचा सारखा चौकोन होतो. साडेचारपट केलं तर काही पिक्सेल चार घरांचे, काही पाच घरांचे, आणि सरळ रेघ उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. मागच्या दिवाळीच्या शुभेच्छापत्राला मी ३०० बाय १७० घेतलं होतं. का, ते आज विचारलं तरी सांगता येणार नाही. शेवटी चारही बाजूंनी काळ्या पट्ट्या मारून वेळ निभावली.

पॅलेट २४ रंगांचं: हिरव्याच्या ७ छटा, दगड-ढग-रस्ता मिळून राखाडीच्या ८, लाल ३, बाकी किरकोळ ६. एक नियम घालून घेतला. प्रत्येक टप्प्यानंतर एक फ्रेम उघडायची आणि रंग मोजायचे, त्यासाठी चार ओळींची स्क्रिप्ट लिहून ठेवली आहे. आकडा २४ च्या वर गेला की समजायचं, मधे कुठल्यातरी सॉफ्टवेअरने चित्रात हात घातला.

३० एप्रिल, बुधवार

एसेप्राइट या पिक्सेल आर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये गाडी तयार. ९२ बाय ३४ पिक्सेल. चाकं, खिडक्या, मागची शिडी, खिडक्यांखालचा एक पिक्सेल जाडीचा पिवळा पट्टा हे सगळं तासाभरात उरकलं. संध्याकाळ खाल्ली ती दाराजवळच्या पाटीने.

पाटीला आतून २६ बाय ८ एवढी जागा. 'नगर' लिहिलं असतं तर काम पाच मिनिटांचं होतं. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. शिरोरेषेची एक ओळ, खाली पाच ओळी, संपलं. (आता अधिकृत नाव अहिल्यानगर आहे. त्यातली वेलांटी शिरोरेषेच्या वर आणखी दोन ओळी मागेल आणि लांबी पाटीबाहेर जाईल. नगरची पाटी लावायची वेळ आली की बघू.) पण गाडी घाट उतरतेय, तेव्हा पाटी कल्याणचीच हवी.

'कल्याण'. क ला पाच रकाने. अर्ध्या ल ला तीन. त्यात दोन वळणं बसत नाहीत, एकच कोंब काढला आणि डोळ्याने समजून घ्यायचं ठरवलं. य ला चार. काना एक रकान्याचा. खरा गोंधळ त्यानंतर: ण म्हणजे दोन काड्या, खाली त्यांना जोडणारा एक पिक्सेल, आणि मग दंड. य चा दंड, काना, ण च्या दोन काड्या नि त्याचा दंड, अशा पाच उभ्या काड्या ओळीने उभ्या राहिल्या. वाचायला गेलं तर कुंपण. ण ची जोडणी एक ओळ वर घेऊन पाहिली, ण रुंद करून पाहिला. शेवटी इलाज साधा निघाला: काना आणि ण यांच्यात एकाऐवजी दोन रकाने रिकामे सोडले. लगेच शब्द वाचता आला. रोमन अक्षरांत अशी मोकळी जागा सोडली की शब्द तुटून दोन होतात. इथे वरची शिरोरेषा शब्द धरून ठेवते, खाली कितीही फट ठेवा.

१ मे, गुरुवार

सुट्टी. बाबांना गाडी दाखवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"अगं, दार ड्रायव्हरच्या बाजूला कुठनं आलं?"

गाडी मी डावीकडून उजवीकडे धावती काढली होती, कारण खेळांमध्ये सगळं डावीकडून उजवीकडेच धावतं आणि हाताला तीच सवय. पण उजवीकडे जाणाऱ्या गाडीची आपल्याला उजवी बाजू दिसते. ती ड्रायव्हरची. चढायचं दार आणि पाटी डाव्या बाजूला. लहानपणापासून शेकडो वेळा एसटीत चढले आणि हे लक्षात आलं नाही.

"थांबा, आडवं उलटवते." एक कळ दाबली, गाडी डावीकडे तोंड करून उभी राहिली. पाटीवर कल्याण उलटं.

"आता परतीची पाटी पण लागली," बाबा म्हणाले आणि चहा ठेवायला गेले.

पाटी परत काढली. छपरावरची चमकही परत काढली, कारण उजेड डावीकडून येतो हे बाकीच्या चित्रात आधीच ठरलंय. आता गाडी डावीकडे धावणार, म्हणजे मागचं सगळं उजवीकडे सरकणार.

४ मे, रविवार

लूपचं गणित. हे आधी करायला हवं होतं.

वेग सेकंदाला १२ फ्रेम. सुरुवातीला ९६ फ्रेम धरल्या, म्हणजे ८ सेकंद. रस्ता दर फ्रेमला ४ पिक्सेल सरकतो. ९६ फ्रेममध्ये ३८४. रस्त्याची पट्टी ३८४ पिक्सेल लांब काढली की लूप संपताना ती निघाली तिथे परत येते. इथवर छान. पण मधले डोंगर हळू सरकायला हवेत, दर फ्रेमला १ पिक्सेल. ९६ फ्रेममध्ये ते ९६ पिक्सेल जातात, म्हणजे त्यांची पट्टी ९६ चीच हवी, आणि ३२० च्या पडद्यावर तोच धबधबा तीनदा दिसणार. माळशेजला पावसाळ्यात धबधब्यांना तोटा नाही हे खरं, पण रबरी शिक्का मारल्यासारखे ते नसतात.

म्हणून लूप चौपट केला: ३८४ फ्रेम, ३२ सेकंद. आता मधल्या डोंगरांची पट्टीही ३८४ ची झाली, रस्त्याची पट्टी चार वेळा फिरते, समोरचं गवत दर फ्रेमला ६ पिक्सेल जातं आणि सहा फेऱ्या मारतं. राहिली मागची सह्याद्रीची भिंत. ती चार फ्रेमला एक पिक्सेल सरकवली तर परत तोच ९६ चा घोळ. ती हलवायचीच नाही असं ठरवलं. एवढ्या लांबची कातळभिंत बसमधून बघताना अर्धा मिनिट जागची हलत नाही, आणि जी काही हलते ती धुक्यात झाकली जाते.

३८४ हा आकडा सोयीचा आहे; २, ३, ४, ६, ८, १२, १६, २४, ३२ सगळ्यांनी भाग जातो. पाऊस ८ फ्रेमचा, धबधबा ६ चा, चाक ३ चं, गाडीची धडधड १२ ची. फक्त गवताची डोलणी मी १० फ्रेमची काढून बसले होते. त्यामुळे लूपच्या सांध्यावर सगळं गवत एकदम मान झटकायचं, जणू कुणी हाक मारली. दोन चित्रं काढून टाकली, ८ केली.

९ मे, शुक्रवार

दरीच्या कडेचा कठडा. चार पिक्सेल काळे, चार पांढरे, असे पट्टे रंगवले. चालवून पाहिलं तर कठडा सरकतच नाही, जागच्या जागी डोळे मिचकावतो.

कारण उघड आहे, फक्त आधी सुचलं नाही. पट्ट्याची एक जोडी ८ पिक्सेलची आणि दर फ्रेमला सरकणं ४ पिक्सेल, बरोबर निम्मं. प्रत्येक फ्रेमला काळ्याच्या जागी पांढरं आणि पांढऱ्याच्या जागी काळं. डोळ्याला कठडा कुठल्या दिशेने गेला हे कळायला मार्गच नाही. पट्टे १२-१२ चे केले, जोडी २४ ची झाली, सरकणं तिच्या सहाव्या हिश्श्याचं. लगेच घाटरस्ता पळायला लागला. २४ ने ३८४ ला भाग जातो हे आधी तपासलं. शहाणपण येतंय हळूहळू.

११ मे, रविवार

चित्राचा एकेक लेयर (थर) पीएनजी मालिकेत, म्हणजे प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्रफाइल अशा रूपात, एक्स्पोर्ट केला. जोडकाम ब्लेंडरच्या कॉम्पोझिटरमध्ये, म्हणजे थर एकावर एक रचण्याच्या भागात, करणार आहे. तिथे मालिकेला 'सायक्लिक' केलं की ८ फ्रेमचा पाऊस आपोआप फिरत राहतो, आणि ट्रान्सलेट नोडमध्ये (चित्र सरकवणारा ठोकळा) आडवं रॅपिंग लावलं की पट्टी एका बाजूने बाहेर गेली की दुसऱ्या बाजूने आत येते. एवढ्यासाठी त्रिमितीचं सॉफ्टवेअर वापरणं म्हणजे तुळस लावायला ट्रॅक्टर, पण हात बसलाय.

पहिला रेंडर (जोडून निघालेलं चित्र) बघून हसू आलं. तिसऱ्या खिडकीतून एक हात बाहेर येतो, तळवा पालथा-उताणा होतो, पाऊस झेलतो, आत जातो. अवघे चार पिक्सेल आहेत, पण मला तो सगळ्यात आवडता भाग. एसेप्राइटमध्ये तो निवांत होता: हात बाहेर आल्यावरची फ्रेम पावणेदोन सेकंद थांबायची. रेंडरमध्ये तोच हात कुणाला तरी फटाफट चापट्या मारत होता.

एसेप्राइटमध्ये प्रत्येक फ्रेमला स्वतःचा कालावधी मिलिसेकंदात देता येतो. पीएनजी मालिकेत मात्र फक्त चित्रं जातात, कालावधी मागे राहतो. फायलींवर १, २, ३ आकडे असतात आणि पुढचं सॉफ्टवेअर प्रत्येकीला एकच फ्रेम देतं. कालावधी हवा असेल तर स्प्राइट शीटसोबत (सगळ्या फ्रेम एकाच चित्रात) जेसन ही मजकुराची फाइल काढावी लागते. तिच्यात प्रत्येक फ्रेमपुढे तो लिहिलेला असतो. ती वाचून फ्रेम हव्या तितक्या वेळा परत लिहिणारी छोटी पायथन स्क्रिप्ट केली. १२ फ्रेमच्या वेगाला एका फ्रेमचे ८३ मिलिसेकंद आणि वर थोडे, तेव्हा १७५० म्हणजे २१ फ्रेम. हाताची अख्खी फेरी १२८ फ्रेमची बसवली. लूपमध्ये तो तीनदा बाहेर येतो.

१७ मे, शनिवार

गाडी विटकरी दिसतेय.

तासभर पॅलेटला दोष देत बसले. मग रंग मोजले: २४ च्या जागी साडेसहाशेच्या वर. मूळ पीएनजीत लाल होता तो रेंडरमध्ये मळकट, पिवळा पट्टा शिळ्या वरणासारखा.

दोन गोष्टी तपासायच्या राहून गेल्या होत्या. पहिली, व्ह्यू ट्रान्सफॉर्म, म्हणजे रंग पडद्यावर कसे दाखवायचे ते ठरवणारी सोय, 'एजीएक्स'वर होता. ब्लेंडर ४.० पासून नव्या फाइलला तोच लागलेला असतो. त्रिमितीतल्या दृश्यात झगझगीत उजेडाला तो छान उतार देतो, पण माझ्या चित्रात उजेड नाहीच, आहेत ते मी हाताने ठरवलेले २४ रंग. 'स्टँडर्ड' केल्यावर लाल परत लाल झाला. तरी मोजणी २४ वर येईना. सपाट रस्त्यावर शेजारशेजारचे पिक्सेल एका पायरीने इकडेतिकडे. साध्या डोळ्याला दिसणार नाही असं, पण स्क्रिप्टला दिसतं. दुसरी गोष्ट ती: आउटपुटच्या पोस्ट-प्रोसेसिंगमध्ये डिदर १ वर होता. आकाशासारख्या मोठ्या छटांमध्ये पट्टे पडू नयेत म्हणून तो बारीक कणी टाकतो. शून्य केला.

मोजणी २३. उरलेला एक रंग त्या फ्रेममध्ये नव्हता, एवढंच.

२१ मे, बुधवार

गाडीची धडधड. मी ती कॉम्पोझिटरमध्येच दिली होती: पहिल्या फ्रेमला शून्य, सहाव्याला एक पिक्सेल वर, बाराव्याला परत खाली. सॉफ्टवेअरने मधल्या फ्रेमना ०.३, ०.७ असे टप्पे दिले. एक तृतीयांश पिक्सेल सरकलेलं चित्र दाखवायचं तर शेजारचे रंग मिसळावेच लागतात. पाटीवरचं कल्याण दर अर्ध्या सेकंदाला विरघळायचं आणि परत घट्ट व्हायचं. मोजणी पुन्हा शेकड्यात.

सगळ्या सरकण्याला मग एकच नियम लावला: जागा फ्रेमच्या आकड्यावरून काढायची आणि पूर्णांकच द्यायची. रस्ता म्हणजे फ्रेम गुणिले चार, डोंगर म्हणजे फ्रेम गुणिले एक. धडधड मात्र तिथून काढून परत एसेप्राइटमध्ये नेली आणि हाताने केली. गाडीचं धूड एक पिक्सेल वर उचललं, चाकं रस्त्यावरच ठेवली, छप्पर आणि मागची शिडी एक फ्रेम उशिरा वर गेली. त्या एका फ्रेमच्या उशिराने पत्रा सैल असल्यासारखा वाटायला लागला. बाबा मागून जाता जाता म्हणाले, "ही आपलीच गाडी." कॉम्पोझिटरमध्ये नोड जोडून सरकवलेल्या गाडीला हे कुणी म्हटलं नसतं.

२४ मे, शनिवार

आज धुकं. ४० टक्के पारदर्शक पांढरा थर टाकला. सुंदर दिसला, आणि २४ चे ४३ रंग झाले. धुक्याखाली जो रंग येईल त्याचं एक फिकट भावंड तयार होतं. खरं तर इथे नियम मोडून पुढे गेले असते तर कुणाला कळलं नसतं. पण बाकी सगळं टोकदार आणि धुकं तेवढं गुळगुळीत, असं चित्र दोन वेगळ्या कागदांवरचं वाटतं.

मग बुद्धिबळाच्या पटासारखं धुकं केलं: एक पिक्सेल पांढरा, एक रिकामा, पुढच्या ओळीत उलट. लांबून बघितलं की निम्मं पारदर्शक वाटतं आणि रंग एकही वाढत नाही. ते दर फ्रेमला १ पिक्सेल सरकवलं आणि डोळ्यांत खडे गेल्यासारखं झालं. पूर्ण दरी थरथरत होती.

कठड्याचाच प्रकार हा, फक्त आता दोन पिक्सेलच्या मापात. पट एका घराने सरकला की प्रत्येक पांढऱ्याच्या जागी रिकामं येतं, रिकाम्याच्या जागी पांढरं. सेकंदाला बारा वेळा. पण तोच पट दोन घरांनी सरकवला तर स्वतःवरच तंतोतंत बसतो. धुक्याची कडा पुढे जाते, आतली वीण मात्र जागची हलत नाही. म्हणून धुक्याचा वेग २ केला. ३८४ ची पट्टी लूपमध्ये दोन फेऱ्या मारते. थरथर गेली. शिवाय डोंगर १ ने आणि धुकं २ ने जात असल्यामुळे ते डोंगराला चिकटल्यासारखंही दिसत नाही. एक दुखणं बरं करायला गेले आणि दुसरंही आपोआप गेलं, असं या कामात क्वचित होतं.

पटाची वीण वरच्या कडेला विरळ केली: चारातला एक पिक्सेल, मग आठातला एक. तिथेही प्रत्येक नमुना सरकल्यावर स्वतःवर बसतो का हे पाहावं लागतं. चारातला एक म्हणजे एक ओळ सोडून एक, आणि त्या ओळीत एक घर सोडून एक. तो दोनने बसतो. आठातला एक बसला नाही. तो थर चार पिक्सेलच्या टप्प्याने दर दोन फ्रेमला सरकवला.

२६ मे, सोमवार

मान्सून आज मुंबईत पोचला. आजवरच्या नोंदींमध्ये इतक्या लवकर कधी आला नव्हता म्हणे. आम्हाला कल्याणला गेले काही दिवस छत्री आहेच. गॅलरीत फोन ठेवून दहा मिनिटं आवाज रेकॉर्ड केला. समोरच्या इमारतीचं पत्र्याचं छप्पर एसटीच्या टपासारखंच वाजतं.

पावसाच्या रेघा थोड्या बदलल्या. सगळ्या सारख्या अंतरावर होत्या. आता पुंजक्यांत पडतात.

२९ मे, गुरुवार

जोडकाम पूर्ण झालं. ३८४ पीएनजी, प्रत्येकी ३२० बाय १८०. मोठं करणं मुद्दाम शेवटच्या पायरीला ठेवलं, म्हणजे आधीच्या एकाही टप्प्याला मोठ्या चित्रात ढवळाढवळ करता येत नाही. एफएफएमपेग या व्हिडिओ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्केल करताना 'नेबर' हा शब्द द्यावा लागतो. नाही दिला तर ते बायक्यूबिकने, म्हणजे शेजारचे रंग मिसळून, मोठं करतं आणि महिनाभर राखलेले चौकोन साबणासारखे गुळगुळीत होतात.

फोनवर बघायला आधी तिप्पट केलं, ९६० बाय ५४०. एच.२६४, व्हिडिओ दाबून साठवण्याचा नेहमीचा प्रकार. लाल गाडीच्या कडेला हिरवट-तपकिरी झालर आली, पिवळा पट्टा खिडक्यांत सांडला. सहापट केलं, झालर गायब.

यामागचं कारण मला आधी अर्धवटच माहीत होतं. सगळीकडे चालणाऱ्या एच.२६४ फायलीत उजेड प्रत्येक पिक्सेलचा वेगळा ठेवतात, पण रंग मात्र दोन बाय दोनच्या चौकटीला मिळून एकच. फोटोत हे डोळ्याला कळत नाही. पिक्सेल आर्टमध्ये तिप्पट केलं की माझा एक पिक्सेल तीन घरांचा होतो, आणि रंगाची दोन घरांची चौकट कधी अर्धी लालवर, अर्धी हिरव्यावर बसते. दोघांचा सरासरी रंग, म्हणजे चिखल. सहापट केलं की कडा नेहमी सम घरावर पडतात आणि चौकट कधीच दोन रंगांवर बसत नाही. थोडक्यात गुणक नुसता पूर्णांक असून भागत नाही, समही लागतो. चौपट चालतं, पाचपट नाही. लाल गाडी आणि हिरवी दरी नसती तर हे मला कधीच दिसलं नसतं. राखाडी चित्रात तिप्पटसुद्धा खपून गेलं असतं.

दुसरं लफडं त्या लालचंच. सहापट फाइल लावली तर गाडी किंचित केशरीकडे झुकलेली. आरजीबीतून (लाल-हिरवा-निळा) व्हिडिओच्या रंगात नेताना जुन्या टीव्हीचं सूत्र, बीटी ६०१, लागलं होतं, आणि प्लेअरने एवढा मोठा व्हिडिओ बघून एचडीचं बीटी ७०९ धरलं. लिहिणाऱ्याचं एक कोष्टक, वाचणाऱ्याचं दुसरं. रूपांतरात ७०९ स्पष्ट सांगितलं आणि फाइलवर तसा शिक्काही मारला. पिपेटने गाडीचा मधला लाल उचलून मूळ पीएनजीशी ताडला. आकड्यात एखाद्या पायरीचा फरक उरतो, तेवढा मान्य.

कॉम्प्रेशनच्या दाबाचा आकडा नेहमीच्या २३ वरून १४ वर आणला; आकडा कमी, तेवढा दाब कमी. पाऊस आणि पटाचं धुकं हे कॉम्प्रेशनचे हाडवैरी आहेत. २३ ला धुक्याची वीण भिजलेल्या कागदासारखी झाली होती.

३१ मे, शनिवार

किरकोळ कामांचा दिवस. फोनवर लूप लावला तर रस्ता मधेच अडखळतो असं वाटलं. वाटेत कुणीतरी व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा केला होता, आणि ३० मध्ये १२ अडीचदा बसतात. म्हणजे एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा. मीच ६० फ्रेमची फाइल दिली, प्रत्येक चित्र पाचदा. आकारमान फारसं वाढत नाही, कारण तेच चित्र परत आहे एवढंच लिहावं लागतं. पण आता सरकणं सारखं दिसतं.

चौकोनी आवृत्ती: मधला १८० बाय १८० चा तुकडा, सहापट, १०८०. गाडी मधेच असल्याने काही हलवावं लागलं नाही.

जिफही काढली, मावशीच्या ग्रुपसाठी, फक्त पहिल्या ९६ फ्रेमची. सांध्याला डोंगर उडी मारतात, तिथे कुणी बघणार नाही. जिफमध्ये वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागातच मोजतात, तेव्हा ८.३३ असं चालत नाही, ८ लिहायचं. गाडी किंचित घाईत जाते. रंगांचा प्रश्न नव्हता. २५६ चालतात, माझे २४.

आवाज: पाऊस, इंजिनाची घरघर, आणि सुरुवातीला डबल बेल. बेलसाठी पितळी घंटी सापडली नाही, देवघरातली वाजवली. आई बघत होती.

१ जून, रविवार

सकाळी बाबांना टीव्हीवर लावून दाखवला. तीन फेऱ्या काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाटी वाचता येतेय." आणि जरा थांबून, "बेलचं बघ. दोन वाजल्यात, पण मधे अंतर फार आहे. एवढ्या अंतराने वाजवली तर पहिल्या बेलला ड्रायव्हर थांबेल. डबल बेल म्हणजे टिंगटिंग. लागून."

दोन बेलमध्ये मी आठ फ्रेमचं अंतर ठेवलं होतं, दोन-तृतीयांश सेकंद. त्यांनी टेबलावर बोटाने वाजवून दाखवलं. मोजलं तर अडीच-तीन फ्रेमच्या आत. एक बेल म्हणजे थांब, लागून दोन म्हणजे चल. माझी गाडी थांब-थांब म्हणत निघाली होती.

आवाज नवा केला. चित्राला परत हात लावायचा नव्हता, म्हणून एफएफएमपेगला व्हिडिओचा प्रवाह जसाच्या तसा उचलून फक्त ऑडिओ बदलायला सांगितलं. चार सेकंदांचं काम. फाइलचं नाव 'माळशेज_शेवटची_४'.

परत लावली. टिंगटिंग, गाडी निघाली.

"आता बरोबर," बाबा म्हणाले. "आणि त्या तिसऱ्या खिडकीतल्याला हात आत घ्यायला सांग."